एका सातबाऱ्यावर दोन प्रांत: तोत्तोरी–शिमाने जोड मतदारसंघाचं प्रकरण

जपानच्या तोत्तोरी प्रांतात 12 सप्टेंबर हा 'प्रांताचा दिवस' म्हणून पाळतात. 1881 साली याच तारखेला तोत्तोरी शेजारच्या शिमानेतून सुटून पुन्हा स्वतंत्र प्रांत झाला. त्याआधीची पाच वर्षं, म्हणजे 21 ऑगस्ट 1876 पासून, नकाशावर तोत्तोरी नावाचा प्रांतच नव्हता. मेइजी सरकारने प्रांतांची संख्या आटोक्यात आणताना तो शिमानेला जोडून टाकला होता. कचेऱ्या शिमानेच्या मात्सुए शहरात गेल्या, तोत्तोरी शहराची रया गेली, आधीच पोटापाण्याला महाग झालेली जुनी सामुराई घराणी खवळली. शेवटी सरकारातले बडे नेते यामागाता आरितोमो पाहणीला येऊन गेले आणि प्रांत परत मिळाला. ओकी बेटं मात्र परत आली नाहीत. ती आधी तोत्तोरीकडे होती, वाटणीत शिमानेकडेच राहिली.

गंमत पुढेच आहे. 1876 च्या त्याच दिवशी शिकोकू बेटावरचा तोकुशिमाचा मुलूखही कोची प्रांतात घातला गेला होता (हे कोची केरळातलं नव्हे). तोही 1880 मध्ये सुटला. आणि 2015 साली जपानच्या संसदेने वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीपुरते चार प्रांत दोन-दोन करून जोडले, तेव्हा जोड्या लागल्या त्या अशा: तोत्तोरी–शिमाने आणि तोकुशिमा–कोची. जुन्या नकाशाची ही मुद्दाम केलेली नक्कल नव्हती. लोकसंख्येचा तक्ता खालून वाचत गेलं की पहिली चार नावं हीच येतात, आणि ती दोन-दोन करून एकमेकांना लागून आहेत. पण तोत्तोरीच्या माणसाला हे पटवून देणं अवघड आहे.

या प्रकरणात मी मुख्यतः तोत्तोरी–शिमानेबद्दल लिहितो आहे. दुसरी जोडी लागेल तिथे येईल.

आधी शब्दांबद्दल थोडं. जपानचे 47 'केन' वगैरे विभाग आहेत, त्यांना मराठीत पुष्कळदा 'प्रभाग' लिहितात. पण निवडणुकीच्या गोष्टीत प्रभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पालिकेचा वॉर्ड येतो, म्हणून मी प्रांत म्हणतो. वरिष्ठ सभागृह म्हणजे सांगीइन. आपल्या राज्यसभेसारखं ते आमदारांनी निवडलेलं नसतं, तिथे लोक थेट मत देतात. मुदत सहा वर्षं, आणि दर तीन वर्षांनी निम्मे सदस्य बदलतात. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका येतात. पिवळसर मतपत्रिकेवर आपल्या प्रांतातल्या उमेदवाराचं नाव लिहायचं, पांढरीवर देशपातळीच्या यादीतल्या उमेदवाराचं किंवा पक्षाचं. 'लिहायचं' हा शब्द शब्दशः घ्यावा. बटण नाही, शिक्का नाही; मतदार पेन्सिलीने नाव लिहितो. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

गाठ नेमकी कुठे बसली

घटनेच्या कलम 46 मध्ये दर तीन वर्षांनी निम्मे सदस्य निवडायचे असं आहे. 1947 पासून प्रत्येक प्रांत हा एक मतदारसंघ. दर खेपेला प्रत्येक प्रांतातून निदान एक जण निवडून यायचा असेल, तर प्रांताला कमीत कमी दोन जागा द्याव्याच लागतात. 47 प्रांतांना दोन-दोन म्हणजे 94 जागा नुसत्या 'हजेरी'तच संपल्या. 2015 च्या आधी प्रांतांच्या वाट्याला एकूण 146 जागा होत्या. म्हणजे लोकसंख्येप्रमाणे वर-खाली करायला उरल्या 52.

सुरुवातीला हे चालून गेलं. 1947 मध्ये सगळ्यात 'जड' आणि सगळ्यात 'हलक्या' मतातली तफावत 2.62 पट होती. मग कारखाने आले, तरुण पोरं गाडीत बसून तोक्यो-ओसाकाकडे गेली आणि परतली नाहीत. कानागावासारखे प्रांत फुगत गेले, सान-इन म्हणजे जपानी समुद्राकडेचा हा 'डोंगराच्या सावलीतला' पट्टा रिकामा होत गेला. 1992 च्या निवडणुकीत तफावत 6.59 पटीवर गेली: कानागावातल्या साडेसहा माणसांइतकं तोत्तोरीतल्या एका माणसाचं वजन. थोड्या डागडुज्यांनंतरही 2010 मध्ये ती बरोबर 5.00 होती, पुन्हा कानागावा विरुद्ध तोत्तोरी. 2013 मध्ये 4.77, या वेळी होक्काइदो विरुद्ध तोत्तोरी. समोरचा बदलत राहिला, दुसऱ्या टोकाला तोत्तोरी कायम.

जपानमध्ये प्रत्येक राष्ट्रीय निवडणुकीनंतर वकिलांचे गट या तफावतीवर दावे लावतात. असा दावा थेट उच्च न्यायालयात सुरू होतो, आणि देशभरातल्या उच्च न्यायालयांत आणि त्यांच्या शाखांत एकाच वेळी लागतो. सर्वोच्च न्यायालय बराच काळ सांभाळून घेत होतं. 1983 च्या निकालात त्याने प्रांताला एक राजकीय एकक म्हणून वजन दिलं होतं आणि 5.26 पट तफावत चालवून घेतली होती. 17 ऑक्टोबर 2012 ला मात्र सूर बदलला. 2010 ची निवडणूक 'घटनाबाह्य अवस्थेत' झाली, असं मोठ्या पीठाने म्हटलं. निवडणूक रद्द नाही, पण अवस्था बरी नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मतदारसंघ प्रांताचाच असला पाहिजे असं घटनेत कुठेही नाही, हेही न्यायालयाने सांगून टाकलं. 2013 च्या निवडणुकीनंतर हिरोशिमा उच्च न्यायालयाच्या ओकायामा शाखेने त्याही पुढे जाऊन निवडणूक अवैधच ठरवली. वरिष्ठ सभागृहाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच झालं. ओकायामा हा तोत्तोरीचा डोंगरापलीकडचा शेजारी. सर्वोच्च न्यायालयाने 26 नोव्हेंबर 2014 ला तो निकाल सौम्य केला, तरी 'घटनाबाह्य अवस्था' हे शब्द पुन्हा उच्चारलेच.

आता संसदेला हलावंच लागणार होतं.

2015 चा कायदा, आणि फुकुईचं नशीब

28 जुलै 2015 ला कायदा मंजूर झाला. होक्काइदो, तोक्यो, आइची, ह्योगो आणि फुकुओका यांना दोन-दोन जागा वाढवून मिळाल्या. मियागी, नीगाता आणि नागानो यांच्या दोन-दोन गेल्या. उरलेल्या चार जागा दोन जोडण्यांतून काढल्या. एकूण दहा वाढल्या, दहा घटल्या.

या कायद्याचं राजकारण सरळ नव्हतं. पंतप्रधान आबे शिंझो यांच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचं (यापुढे 'एलडीपी') बळ या गावाकडच्या प्रांतांतच होतं, आणि पक्षाला तिथल्याच जागा कापायच्या होत्या. सत्तेतला भागीदार कोमेइतो या विधेयकाच्या विरोधात गेला, पण तो याहून मोठी कापणी मागत होता म्हणून. विरोधातल्या डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर त्याने वीस प्रांत जोडून दहा मतदारसंघ करण्याचा प्रस्ताव मांडला होता. एलडीपीने मग चार छोट्या विरोधी पक्षांना हाताशी धरून आपला लहान घास पुढे रेटला. जोडल्या जाणाऱ्या प्रांतांतले त्यांचेच खासदार मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर गेले. घरचाच माणूस पाठ फिरवून उभा राहावा, तसं.

आता आकडे जवळून पाहू, कारण माझ्या मते या प्रकरणातला खरा अन्याय इथे आहे. तो नेहमी सांगितला जातो तसा नाही.

कायदा झाला तेव्हा हाताशी 2010 ची जनगणना होती. तोत्तोरी 5,88,667. शिमाने 7,17,397. कोची 7,64,456. तोकुशिमा 7,85,491. आणि पाचवं फुकुई, 8,06,314. तोकुशिमा आणि फुकुईत फरक किती? जेमतेम 21 हजार. एखाद्या मध्यम तालुक्याइतकाही नाही. पण रेघ त्या दोघांच्या मधून गेली. फुकुईच्या दोन्ही जागा राहिल्या, म्हणजे दर सदस्यामागे सुमारे 4 लाख 3 हजार माणसं. तोत्तोरी आणि शिमाने मिळून 13 लाख 6 हजार, त्यांनाही दोन जागा, म्हणजे दर सदस्यामागे 6 लाख 53 हजार. काल ज्यांचं मत देशात सगळ्यात जड होतं, ते एका रात्रीत फुकुईपेक्षा सव्वापट–दीडपट नाही, तब्बल 1.6 पट हलके झाले.

समानतेच्या नावाने केलेल्या दुरुस्तीत हे व्हावं! सगळ्यांना एकच माप लावून दोन्ही प्रांतांना थोडं कमी केलं असतं, तर तक्रारीला जागा नव्हती. पण दोनपेक्षा कमी जागा देता येत नाहीत, आणि दोनच्या खाली थेट जोडणी. मधली पायरीच नाही. त्यामुळे ज्याला कापलं त्याला जास्तच कापलं गेलं, आणि जो थोडक्यात वाचला त्याला हातही लागला नाही. तेव्हापासून तफावतीच्या प्रत्येक हिशेबात एका टोकाला फुकुई असतं: 2016 मध्ये साइतामाशी 3.08 पट, 2019 मध्ये मियागीशी 3.00, 2022 मध्ये कानागावाशी 3.03, 2025 मध्ये पुन्हा कानागावाशी 3.13.

एवढी घट न्यायालयाला पुरली. 2016 ची निवडणूक 2017 मध्ये, 2019 ची 2020 मध्ये आणि 2022 ची 2023 मध्ये त्याने घटनेला धरून असल्याचं सांगितलं. जोड मतदारसंघ केला हेच पुष्कळ, असा त्या निकालांचा रोख आहे.

सतरा दिवस, दोन गाड्या

तोत्तोरीचे गव्हर्नर हिराई शिंजी शब्दांच्या कोट्यांसाठी प्रसिद्ध आहेत. देशात फक्त तोत्तोरीतच स्टारबक्स नव्हतं, तेव्हा ते म्हणत की आमच्याकडे 'सुताबा' नसलं तरी जपानमधली एक नंबर 'सुनाबा' आहे. सुताबा हे स्टारबक्सचं लाडकं नाव, सुनाबा म्हणजे वाळूची जागा. तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्या नावाजलेल्या आहेत. अखेर 2015 च्या मे महिन्यात स्टारबक्स आलं, लोकांनी रांगा लावल्या. दोन महिन्यांनी खासदारकी गेली. त्यावर गव्हर्नरांना कोटी सुचली की नाही कोण जाणे, पण जोडणीला त्यांचा विरोध ठाम होता आणि आहे. गव्हर्नरांच्या राष्ट्रीय संघटनेनेही ती रद्द करण्याचा ठराव केला.

मतदारसंघ जमिनीवर कसा दिसतो ते पाहा. दोन्ही प्रांतांचं क्षेत्रफळ मिळून दहा हजार चौरस किलोमीटरहून थोडं जास्त, तोक्योच्या साडेचार पट. समुद्राला लागून पूर्व-पश्चिम पसरलेली लांबलचक पट्टी. तोत्तोरीहून मात्सुएला एक्स्प्रेस गाडीने दीड-पावणेदोन तास, शिमानेच्या पश्चिम टोकाजवळच्या मासुदाला जवळपास चार तास. ओकी बेटांवर जायचं तर बोटीने अडीच तासांच्या आसपास. प्रचाराला सतरा दिवस. एरवी उमेदवाराला प्रचाराची एक गाडी लावता येते, जोड मतदारसंघात कायद्याने दोन दिल्या. गाडी वाढवली, पण उमेदवार तर एकच. दुसऱ्या गाडीच्या भोंग्यातून त्याचं नाव तेवढं गावात फिरतं. दोन प्रांतांचे निवडणूक अधिकारी एकत्र आणून नवा संयुक्त आयोगही नेमावा लागला.

10 जुलै 2016 ला पहिली निवडणूक झाली. एलडीपीने शिमानेचे आओकी काझुहिको उभे केले. त्यांचे वडील आओकी मिकिओ हे एकेकाळी वरिष्ठ सभागृहाचे 'डॉन' म्हणवले जात. ते आधी पंतप्रधान ताकेशिता नोबोरू यांचे सचिव होते, आणि ताकेशिताही शिमानेचेच. (1988–89 मध्ये देशातल्या गावोगावच्या पालिकांना दहा-दहा कोटी येन वाटणारे ते हेच ताकेशिता. दुर्गम भागाला आपला माणूस तोक्योत हवा का असतो, ते इथे कळतं.) विरोधकांनी मिळून तोत्तोरीच्या योनागो शहरातून आलेले फुकुशिमा हिरोहिको यांना पाठिंबा दिला. आओकी 3,87,787 मतांनी आरामात निवडून आले. तोत्तोरीतला मतदानाचा टक्का 56.28 वर उतरला, शिमानेत मात्र 62.20 टक्के मतदान झालं. आपला माणूस रिंगणात असला की लोक बाहेर पडतात, इतकंच.

तोकुशिमा–कोचीत जास्त बोचलं. देशभरात मतदान वाढून 54.70 टक्के झालं असताना कोचीत ते 45.52 टक्के, देशात सगळ्यात कमी. आणि इथे ती पेन्सिल पुन्हा येते. मत लिहून द्यायचं असल्याने मतपत्रिका हा निरोपही होऊ शकतो. मोजणीच्या टेबलावर कोचीच्या काही पत्रिकांवर उमेदवाराच्या नावाऐवजी 'गोकू हानताई' निघालं, म्हणजे 'जोडणीला विरोध'. ती मतं बाद झाली, आणि बाद मतांच्या प्रमाणात कोची पुढे गेलं.

2019 मध्ये तोत्तोरीतलं मतदान 49.98 टक्के, शिमानेतलं 54.04, तोकुशिमातलं 38.59. हे आकडे दाखवून 'जोडणीने मतदान मारलं' असं म्हणण्याचा मोह होतो. मी म्हणणार नाही. त्या साली सगळा देशच 48.80 टक्क्यांवर घसरला होता, आणि तोत्तोरी–शिमाने त्याच्या वरच होते. पण 22 ऑक्टोबर 2023 ची तोकुशिमा–कोचीतली पोटनिवडणूक जास्त बोलकी आहे. सचिवाला मारल्याचं प्रकरण अंगाशी आल्याने खासदार ताकानो कोजिरो यांनी राजीनामा दिला होता. रिंगणातले दोन्ही उमेदवार कोचीचे. कोचीत 40.75 टक्के मतदान झालं, तोकुशिमात 23.92. एकच मतदारसंघ, एकच दिवस, तेच उमेदवार. मध्ये फक्त प्रांताची जुनी हद्द.

मागच्या दाराने

2015 च्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं की 2019 च्या निवडणुकीपर्यंत व्यवस्थेचा मुळातून फेरविचार करून नक्की काही ठरवायचं. 18 जुलै 2018 ला जे ठरलं, त्याला मुळातून म्हणणं धाडसाचं आहे. साइतामाला दोन जागा वाढवल्या आणि देशपातळीच्या यादीत चार. एकूण 242 चे 248 झाले. ओकिनावा अमेरिकेकडून परत येण्याच्या वेळी जागा वाढल्या होत्या, त्यानंतर पहिल्यांदाच ही वाढ. लोकसंख्या घटत असलेल्या देशात खासदार वाढवले म्हणून ओरड झाली, तेव्हा पगारातून दरमहा 77 हजार येन स्वखुशीने परत करण्याची सोय काढली गेली.

त्या चार जागांमागची खरी युक्ती म्हणजे 'तोकुतेई वाकू', खास चौकट. यादीत पक्षाला एकूण मतांच्या प्रमाणात जागा मिळतात; त्या कोणाला जायच्या यासाठी 2001 पासून ज्याच्या नावावर जास्त मतं, तो वर, अशी पद्धत होती. अशा यादीत देशभर पसरलेल्या संघटनांचे उमेदवार आणि टीव्हीवरचे चेहरे पुढे जातात, तोत्तोरीचा माणूस कुठे लागणार? म्हणून कायद्याने पक्षाला मुभा दिली: यादीतली काही नावं चौकटीत ठेवा, त्यांना एकही वैयक्तिक मत पडलं नाही तरी ती सगळ्यांच्या आधी निवडून येतील.

म्हणजे जोडणीत ज्या प्रांताची उमेदवारी हुकेल, त्याचा माणूस चौकटीतून आत. 2019 मध्ये एलडीपीने तसंच केलं. तोत्तोरीचे माइताची शोजी मतदारसंघातून लढले. शिमानेचे विद्यमान खासदार शिमादा साबुरो चौकटीतून यायचे होते, पण मे महिन्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी मिउरा यासुशी कनिष्ठ सभागृहाची खासदारकी सोडून आले. दुसऱ्या जोडीत मतदारसंघ कोचीकडे, चौकट तोकुशिमाकडे. 2022 मध्ये आओकी पुन्हा मतदारसंघातून, तोत्तोरीचे फुजिई काझुहिरो चौकटीतून.

सामाईक सातबाऱ्यावर दोन भाऊ असले की एक वर्ष तू पेर, एक वर्ष मी पेरतो, असं ठरतं. तसाच हा करार. फक्त ज्याच्याकडे पेरणी नाही त्याला घरबसल्या धान्य पोचतं.

त्यातली खरी विचित्र गोष्ट प्रचाराच्या नियमांत आहे. चौकटीतल्या उमेदवाराला स्वतःचं प्रचार कार्यालय उघडता येत नाही, गाडी लावता येत नाही, पोस्टर लावता येत नाही, स्वतःच्या नावाने सभा घेता येत नाही. आधीच निवडून आलेल्यासारखा असल्यामुळे पक्षाच्या इतर उमेदवारांचा मोकळा अवकाश त्याने खाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आणि कोणी पांढऱ्या पत्रिकेवर त्याचं नाव लिहिलंच, तर ते मत पक्षाच्या खात्यात जातं. प्रांताचा आवाज तोक्योत पोचावा म्हणून ज्याला पाठवायचं, तो आपल्याच प्रांतात स्वतःसाठी मत मागू शकत नाही. प्रांताने त्याला पाडायचं ठरवलं, तरी पाडू शकत नाही. माझ्या दृष्टीने तोत्तोरीला या व्यवस्थेत खासदार परत मिळाला खरा, पण त्याचा कान धरण्याची सोय परत मिळाली नाही.

एलडीपीने स्वतःच्या अडचणीसाठी शिवलेला हा अंगरखा दुसऱ्याच कोणाला नीट बसला, हेही नोंदवायला हवं. 2019 मध्ये यामामोतो तारो यांच्या नव्या 'रेइवा शिनसेनगुमी' पक्षाने चौकटीत फुनागो यासुहिको आणि किमुरा एइको यांना ठेवलं. दोघेही तीव्र अपंगत्व असलेले, व्हीलचेअरवरचे. पक्षाला दोनच जागा मिळाल्या, दोन्ही त्यांना गेल्या. स्वतः यामामोतो सुमारे 9 लाख 91 हजार वैयक्तिक मतं घेऊन पडले. फुनागो आणि किमुरा यांच्यासाठी सभागृहातली आसनं आणि मतदानाची रीत बदलावी लागली. जोडणीच्या पळवाटेतून जपानी संसदेचा दरवाजा रुंद झाला.

खालच्या सभागृहाकडे एक नजर

तोत्तोरी उपाशी आहे, असं चित्र रंगवलं तर ते खोटं होईल. कनिष्ठ सभागृहात तोत्तोरीला एकसदस्यीय दोन मतदारसंघ आहेत, शिमानेलाही दोन. 2022 मध्ये देशभराची फेरआखणी झाली, तेव्हा लोकसंख्येने सगळ्यात लहान होता तोत्तोरीचा दुसरा मतदारसंघ, योनागो–साकाइमिनातोकडचा, सुमारे 2 लाख 74 हजारांचा. बाकी देशातला प्रत्येक मतदारसंघ त्याच्या दुपटीच्या आत बसवला गेला. सगळ्या जपानचा शिंपी तोत्तोरीची फूटपट्टी वापरत होता, म्हणा ना.

आणि पहिल्या मतदारसंघाचे खासदार इशिबा शिगेरू. 1986 पासून संसदेत, 1 ऑक्टोबर 2024 पासून वर्षभर पंतप्रधान. देशातल्या सगळ्यात कमी लोकवस्तीच्या प्रांताने पंतप्रधान दिला. शिमाने तर एलडीपीचा बालेकिल्ला: 1996 मध्ये एकसदस्यीय मतदारसंघ सुरू झाल्यापासून पक्षाने तिथली एकही जागा गमावली नव्हती, 2009 च्या एलडीपीविरोधी लाटेतही नाही. पहिल्या मतदारसंघाचे होसोदा हिरोयुकी कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसूनही गावाकडच्या जागा कापणाऱ्या नव्या सूत्रावर नाराजी बोलून दाखवत. 2023 मध्ये ते गेले. एप्रिल 2024 च्या पोटनिवडणुकीत संवैधानिक लोकशाही पक्षाच्या कामेई आकिको निवडून आल्या आणि तो विक्रम तुटला.

याचा जोडणीशी काय संबंध? इतकाच, की छोट्या प्रांताची ताकद जागांच्या मोजणीत पूर्णपणे मावत नाही. ताकेशिता, आओकी, होसोदा, इशिबा: इतक्या थोड्या लोकवस्तीतून इतकी वजनदार माणसं निघाली, ती पुन्हा पुन्हा निवडून आल्यामुळे. ज्येष्ठता हेच त्यांचं भांडवल. चौकटीतून येणाऱ्या खासदाराला ते भांडवल जमवता येईल का, मला शंका आहे. दर सहा वर्षांनी त्याला पक्षश्रेष्ठींकडूनच परवाना घ्यावा लागेल.

आता कुठे आहोत

जोडणी मोडायची तर वाटा थोड्या आहेत. एलडीपीने 2018 मध्ये घटनादुरुस्तीचे चार मुद्दे ठरवले, त्यात प्रत्येक प्रांतातून दर खेपेला निदान एक सदस्य, हा एक आहे. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग सार्वमत लागतं; 1947 पासून त्या घटनेतला एक शब्दही बदललेला नाही. कोमेइतो प्रांत बाजूला ठेवून मोठे विभागीय मतदारसंघ करा म्हणतो. ते आकड्यांना सोपं, पण तोत्तोरीचं नाव हिरोशिमा-ओकायामाच्या गर्दीत आणखी खाली जाईल. तिसरी वाट म्हणजे जागा वाढवत राहणं. पगार परत करूनसुद्धा ती लोकांच्या गळी उतरत नाही. कलम 43 म्हणतं की खासदार हा सगळ्या जनतेचा प्रतिनिधी असतो. न्यायालय त्या वाक्यावर उभं आहे, आणि हिराई यांच्यासारखे गव्हर्नर विचारतात की मग सगळ्या जनतेचे बहुतेक प्रतिनिधी मोठ्या शहरांतच का राहतात.

जुलै 2025 च्या निवडणुकीत पेरणीची पाळी शिमानेकडे गेली. मतदारसंघातून शिमानेच्या देगावा मोमोको निवडून आल्या, माइताची चौकटीत सरकले आणि तेही आले. त्यामुळे आजचा हिशेब असा: जोड मतदारसंघातून लोकांनी नाव लिहून निवडलेले दोन्ही सदस्य, आओकी आणि देगावा, शिमानेचे आहेत. तोत्तोरीचे दोघे, फुजिई आणि माइताची, दोघेही चौकटीतले. आओकींच्या जागेची मुदत 2028 च्या उन्हाळ्यात संपते. त्याआधी दोन्ही प्रांतांतल्या पक्षशाखांना पुन्हा एकदा समोरासमोर बसून ठरवावं लागेल, पिवळ्या कागदावर कोणाचं नाव आणि चौकटीत कोणाचं.